‘प्रयत्न स्तुत्य’ लिहिणाऱ्या परीक्षकांना

प्रदर्शनाची निवड समिती आणि परीक्षक मंडळ यांस,
स. न. वि. वि.

माझी गोधडी परत मिळाली. तिच्या कोपऱ्याला शेऱ्याची चिठ्ठी लावलेली होती. ‘टाके असमान. फिनिशिंगकडे लक्ष द्यावे. प्रयत्न स्तुत्य.’ खाली सही, घाईघाईत ओढलेली. सहीचंही फिनिशिंग बघायचं असतं तर काय झालं असतं, असं मनात आलं, पण ते सोडून देते.

निवड झाली नाही म्हणून हे पत्र लिहीत नाही. नाकारलेल्या माणसानं परीक्षकांना पत्र लिहिलं की ते कोल्ह्याच्या द्राक्षांच्या खात्यात जमा होतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगते, ती गोधडी नाकारण्यासारखी होती. तिच्यात दोन धडधडीत चुका आहेत आणि त्या दोन्ही तुम्हाला दिसल्या नाहीत. जी चूक दिसली म्हणून तुम्ही लिहिलंत, ती चूक नव्हती. मला त्रास झाला तो याचा. तुम्ही जास्त कडक व्हा, असं सांगायला हे पत्र आहे. आणि ते खुलं लिहिते आहे, कारण त्या दिवशी परत नेण्याच्या ढिगात माझ्या गठ्ठ्याशेजारी आणखी बरेच गठ्ठे होते आणि त्यातल्या निदान चार चिठ्ठ्यांवर मला ‘प्रयत्न स्तुत्य’ वाचता आलं.

आधी टाक्यांबद्दल. गोधडीचा मधला भाग एका जुन्या चादरीचा आहे. चादर वर्षानुवर्षं वापरली की ती सगळीकडून सारखी झिजत नाही. कडेला कापड जवळजवळ नव्यासारखं घट्ट राहतं आणि मधोमध, जिथे अंग घासतं, तिथे ते विरतं. उजेडासमोर धरलंत तर मधून प्रकाश आरपार येतो आणि कडेला येत नाही. अशा विरलेल्या कापडात बारीक, जवळजवळ टाके घातले तर काय होतं? प्रत्येक टाक्याला सुईची दोन भोकं. भोकाशेजारी भोक, भोकाशेजारी भोक, अशी सरळ रांग तयार होते. पोस्टाची तिकिटं जशी भोकांच्या ओळीवर फाटायची, तसं ते कापड चार धुण्यांत त्या ओळीवरच फाटतं. म्हणून मध्ये टाका लांब घ्यायचा, दोन ओळींत अंतर जास्त ठेवायचं आणि कडेला कापडात जीव आहे तिथे बारीक व्हायचं. माझा धावदोरा कडेकडून मधे येताना हळूहळू लांबत जातो. तुम्ही पट्टी लावून बघितलंत तर तो टप्प्याटप्प्यानं लांबलेला दिसेल. हात थकला म्हणून टाका लांबतो तेव्हा तो असा शिस्तीत लांबत नाही, कुठेही लांबतो.

तुमच्या चिठ्ठीत याला ‘असमान’ म्हटलंय. शब्द बरोबरच आहे म्हणा. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा जमिनीपासून असमान उंचीवर असतात.

आता माझ्या चुका, ज्या तुमच्या नजरेतून सुटल्या. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक गडद निळं ठिगळ आहे. ते नवं, कोरं सुती कापड आहे आणि मी ते धुऊन न घेता लावलं. जुनं कापड आटायचं तेवढं आटून गेलेलं असतं, कोरं पहिल्या धुण्यात आटतं. म्हणजे ती गोधडी पहिल्यांदा पाण्यात गेली की ते ठिगळ आक्रसणार, आजूबाजूचं जुनं कापड ओढलं जाणार आणि तिथे चुण्या पडणार. हे मला लावतानाच माहीत होतं. कापड भिजवून वाळवायला एक दिवस लागतो आणि तुमच्या प्रवेशिकेची तारीख जवळ आली होती. दुसरी चूक वरच्या कडेची. तिथली एक पट्टी कापड वाचवायच्या नादात उरेब, म्हणजे तिरपी, कापली गेली. उरेब कड ताणली की वाढते, म्हणून ती बाजू टेबलावर सपाट बसत नाही, किंचित लाटेसारखी उठते. हाताचा तळवा नुसता फिरवला असता तरी कळलं असतं. पण तळवा फिरवलाच गेला नसावा. नाहीतर ‘फिनिशिंग’ या एका शब्दाऐवजी ‘वरची कड उरेब आहे’ असं काहीतरी चिठ्ठीवर आलं असतं आणि ती चिठ्ठी मी जपून ठेवली असती.

तुमच्या प्रवेशिकेत दोन चौकोन आहेत. एक ‘कलावंत’, एक ‘हौशी’. ज्याच्याकडे कलाशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे त्यानं पहिल्यावर खूण करायची, बाकीच्यांनी दुसऱ्यावर. हौस हा चांगला शब्द आहे, माझी त्याच्याशी दुश्मनी नाही. हौसेला मोल नाही असं आपण म्हणतो, तेव्हा हौसेपुढे खर्चाचा हिशेब करायचा नसतो एवढाच अर्थ असतो. तुमच्या चौकोनात त्या म्हणीचा अर्थ भलताच झालाय. हौशी कामाला मोजमाप नाही, त्याला फक्त कौतुक. कलावंत विभागातल्या कामांवर तुम्ही वाद घालता, रचना, पोत, संकल्पना यांवर गुण देता, कुणाला नापास करता, कुणाला झापता. आमच्याकडे आलात की चेहरा बदलतो. पाहुण्यांच्या मुलानं कविता म्हणून दाखवल्यावर जसा होतो तसा. माफ करा, पण आमच्या वाट्याला तुमचं रागावणंही यायला हवं.

हे दोन चौकोन तुम्ही शोधलेले नाहीत, हे मी मान्य करते. ते फार जुने आहेत. मध्ययुगीन युरोपात कारागिरांच्या श्रेणी, म्हणजे एकेका धंद्यातल्या लोकांचे संघ, होत्या. तिथे उस्ताद व्हायचं असेल तर एक वस्तू करून दाखवावी लागे आणि ती तपासणारे स्वतः त्याच धंद्यातले उस्ताद असत. आज आपण ज्याला मास्टरपीस म्हणतो तो शब्द तिथला, परीक्षेला ठेवलेल्या वस्तूचा. सुताराचं काम सुतार बघे. मग १५६३ साली चित्रकार वासारीच्या पुढाकारानं फ्लॉरेन्सला अकादमी निघाली. तिच्या नावातच रेखाटन होतं. सगळ्या कलांचं मूळ रेखाटनात, म्हणजे डोक्यातल्या आखणीत आहे, अशी तिच्यामागची धारणा होती. १६४८ साली पॅरिसला राजाश्रयाची अकादमी झाली, तीही चित्रकार-शिल्पकारांना श्रेणीच्या बंधनातून सोडवण्यासाठी. त्यांचा हेतू समजू शकतो. रंगाऱ्याच्या रांगेत उभं राहून कंटाळलेल्या चित्रकाराला वेगळं दार हवं होतं. पण दार केलं की दाराबाहेर कुणीतरी उरतंच.

ते कोण उरलं, ते लंडनच्या रॉयल अकादमीनं लिहूनच ठेवलं. १७६८ साली ती स्थापन झाली. संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर, ही त्या काळात मोठीच गोष्ट. आणि सुरुवातीच्याच वर्षांत नियम झाला की प्रदर्शनात सुईकाम, कृत्रिम फुलं, कापलेल्या कागदाचं काम, शिंपल्यांचं काम असलं काही घ्यायचं नाही. यादी वाचली की लक्षात येतं, घरात बसून बाईचे हात जे जे करत होते ते सगळं एका ओळीत बाहेर.

आता गंमत बघा. कापलेला कागद बाहेर ठेवला गेला त्याच दशकात, त्याच देशात, मेरी डेलनी नावाच्या बाई कागद कापत बसल्या होत्या. १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांच्या लक्षात आलं की जवळ पडलेल्या लाल कागदाचा रंग आणि जिरेनियमच्या पाकळीचा रंग एकच आहे. त्यांनी कात्री घेतली. पुढची दहाएक वर्षं, नजर साथ देईनाशी होईपर्यंत, त्या काळ्या कागदावर रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे चिकटवून फुलं करत राहिल्या. एकेका फुलात शेकडो तुकडे. हजाराच्या जवळपास फुलं झाली. पुंकेसर मोजून घ्यावेत इतकी ती अचूक आहेत आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांनी तरुणपणी चित्रकलेचे धडे घेतले होते, तेव्हा त्यांना अगदी अडाणी हाताचं उदाहरण म्हणून मी पुढे करणार नाही. पण कागदाचं फूल कसं करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, शिकवणारं कुणी नव्हतंच. तुमच्या प्रवेशिकेवर त्यांनी कुठल्या चौकोनात खूण केली असती, सांगा.

माझ्या कामाला जवळचं उदाहरण मात्र अमेरिकेतलं आहे. अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या बायका, गुलामीत राबलेल्या माणसांच्या लेकीसुना, पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवत आल्या. कापड म्हणजे शेतात झिजलेले कपडे. गुडघ्यापाशी फिकट झालेली डेनिम, खिसा उसवून काढल्यावर त्याच्या जागी उरलेला गडद चौकोन. १९४२ साली मिसूरी पेटवे यांनी वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. तिच्यात राखी, निळे, मळकट पांढरे लांब पट्टे आहेत आणि ते कुठेही काटकोनात बसत नाहीत. त्या कपड्यांत माणूस जिथे जिथे झिजला ते सगळं त्या पट्ट्यांत तसंच आहे.

साठ वर्षांनी, २००२ साली, या बायकांच्या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी या मोठ्या संग्रहालयात टांगल्या गेल्या. २००६ साली त्या टपाल तिकिटांवरही आल्या. समीक्षक हरखून गेले. मातीस, क्ले आणि अमूर्त चित्रकारांची नावं निघाली. मला आनंद झालाच, खोटं कशाला बोलू. पण त्या कौतुकातही एक खडा दाताखाली येतो. ही गोधडी चित्रासारखी आहे म्हणून मोठी, असं का? चित्राला पाठ नसली तरी चालते. गोधडीला पाठ असते, वजन असतं, ती धुतली जाते, दुमडली जाते, तिच्याखाली दोन माणसं झोपतात आणि रात्रभर आपापल्या बाजूला ओढतात. भिंतीवर ती अर्धीच दिसते. त्या बायकांनी फिकट गुडघा कुठे ठेवला हे रचनेच्या दृष्टीनं सुंदर आहे, पण फिकट गुडघा म्हणजे कमजोर कापड, ते त्यांनी कशाच्या शेजारी ठेवलं, त्यावर टाके कसे घातले, हा प्रश्न भिंतीवर लावल्यावर कुणाला पडत नाही. तो पडला असता तर त्या बायकांच्या डोक्याची खरी उंची कळली असती.

दुसऱ्या बाजूनं सफाईचा आग्रह काय करतो, तेही त्याच भागात घडून गेलं होतं. १९६६ साली तिथल्या बायकांनी सहकारी संस्था काढली, मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी मिळाल्या. पैसे आले, ते फार गरजेचे होते, आणि जो पोटासाठी शिवतो त्याला मी शहाणपण शिकवणार नाही. पण दुकानाला प्रत्येक नग सारखा हवा. एकच माप, एकच नमुना, ठरलेला टाका. ज्या हातांना प्रत्येक गोधडीत नवा निर्णय घ्यायची सवय होती त्यांनी तो घ्यायचा नाही, अशी नोकरी. १९७२ साली कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं मोठं काम मिळालं. त्याचे उरलेले तुकडे बायका घरी घेऊन गेल्या आणि त्या तुकड्यांच्या गोधड्या पुढे संग्रहालयात गेल्या. अभ्रे कुठे गेले कुणास ठाऊक.

तुम्ही म्हणाल, म्हणजे वेडंवाकडं तेच खरं असं तुझं म्हणणं. मुळीच नाही. वेड्यावाकड्याचे लाड मला तुमच्याहून कमी सहन होतात. यंदा तुमच्या कलावंत विभागात एक मोठं भिंतीवरचं काम होतं, जुन्या कापडाचं. रंग सुरेख होते, मातकट लालाच्या पोटात एकच थंड हिरवा, मी तिथे बराच वेळ उभी होते. पण टाके मुद्दाम ओबडधोबड घातलेले. कडा न दुमडता सोडलेल्या, धागे लोंबणारे. राखणदाराची पाठ वळल्यावर मी हात लावला (क्षमस्व), तर ते लोंबते धागे गोंदानं जागच्या जागी बसवलेले होते. म्हणजे उसवल्यासारखं दिसायला हवं, पण उसवायला नको. त्या टाक्यांना तुमच्या फलकावर ‘कच्च्या हाताची ऊर्जा’ म्हटलं होतं. माझ्या टाक्यांना ‘असमान’. दोघींच्या टाक्यांत फरक एवढाच की तिचे टाके कशामुळे असमान आहेत याचं कारण फलकावर होतं आणि माझ्याचं कापडात.

हा खेळही जुनाच आहे. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिराच्या आवारात कोहोआन नावाचं छोटं मंदिर आहे, तिथे किझाएमोन नावाचा वाडगा जपलेला आहे. सोळाव्या शतकात कोरियात कुणी अनामिक कुंभारानं घडवलेला. जपानी चहापंथाच्या, म्हणजे चहापानाचा विधी हीच कला मानणाऱ्यांच्या, उस्तादांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि आज तो जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. १९३१ साली यानागी सोएत्सू यांनी तो हातात घेऊन पाहिला. लोककारागिरीसाठी ‘मिंगेई’ हा शब्द रुजवणाऱ्यांपैकी ते एक, पुढे १९३६ साली त्यांनी तोक्योत लोककलांचं संग्रहालय काढलं. हा वाडगा रोजच्या वापरातला, गरिबाघरचा, असं त्यांचं मत होतं आणि तो किती साधा आहे हेच त्यांना भावलं. पण चहापंथात पुढे मुद्दाम वाकडे, मुद्दाम डाग पाडलेले वाडगे घडवायची टूम निघाली. तिच्यावर त्यांनी सडकून टीका केली. चाकावर भराभर शंभर वाडगे काढणाऱ्याच्या हातून एक किंचित कललेला येतो ते वेगळं, आणि एकच वाडगा घेऊन तो किती कलवावा याचा दुपारभर विचार करणं वेगळं.

गोधडीबद्दल तर एक आवडती कथा आहे, तुम्हीही ऐकली असेल. अमेरिकेतल्या अमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या बायका म्हणे प्रत्येक गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवत, कारण परिपूर्णता देवाचीच. गोधड्यांचा इतिहास अभ्यासणाऱ्यांना याला फारसा आधार सापडलेला नाही. मला तो सापडेल असं कधी वाटलंही नव्हतं. ज्यानं हातानं एक अख्खी गोधडी शिवली आहे त्याला चूक मुद्दाम ठेवायची गरज पडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

शाळेबद्दल माझ्या मनात अढी आहे असा समज होऊ नये म्हणून सांगते, मी दोन वर्षं संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गाला जात होते. चाळिशी उलटल्यावर. तिथे जे मिळालं ते घरात शंभर वर्षं बसून मिळालं नसतं. सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, डोळे किलकिले करून बघा. डोळे अर्धे मिटले की रंग मावळतात आणि फक्त फिकट-गडद उरतं. घरी येऊन मी माझ्या जुन्या गोधड्या तशा बघितल्या आणि हबकलेच. लाल आणि हिरवा किती उठून दिसतात म्हणून मी खूश असायची, ते दोन्ही सारखेच गडद होते, दुरून सगळं एकच खळगं. आई तसंच करायची, तिची आईही तसंच. तीन पिढ्यांत कुणाला ते दिसलं नव्हतं, कारण दाखवणारं कुणी नव्हतं.

घरातल्या शिक्षणाचा हा मोठा दोष आहे. तिथे नापास कुणी करत नाही. बघणारे सगळे आपले, ते ‘छान झालंय’ म्हणतात. आणि चुकीला परंपरेचं पांघरूण मिळतं. आमच्याकडे गोधडीला नेहमी मजबूत नायलॉनचा दोरा वापरायचे, तुटत नाही म्हणून. वर्गात कापडाचं काम शिकवणाऱ्या एका बाईंनी माझी गोधडी बघून एकच वाक्य सांगितलं. दोरा कापडापेक्षा कमजोर हवा. ओढ बसली की दोघांपैकी काहीतरी तुटणार. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड कापलं गेलं तर गेलंच. आमच्या घरातल्या किती गोधड्या त्या न तुटणाऱ्या दोऱ्यानं करवतीसारख्या कापल्या होत्या, ते मला त्या दिवशी समजलं. ‘आमच्याकडे असंच करतात’ या वाक्यावर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

आणि शाळेतलं उत्तम काम वापराचा विचार करत नाही, असंही मी म्हणणार नाही. १९१९ साली जर्मनीत वायमारला बाउहाउस ही कलाशाळा सुरू झाली तेव्हा तिचे संस्थापक ग्रोपिउस यांनी कलावंत आणि कारागीर यांत मूलतः फरक नाही असं जाहीर केलं. प्रत्यक्षात आलेल्या बहुतेक मुलींना विणकामाकडे पाठवलं गेलं, ही त्यातली मेख. आनी आल्बर्स यांना काचकाम करायचं होतं, त्याही मागाशी आल्या. पण मागावर आल्यावर त्यांनी काय केलं ते बघा. १९३० च्या सुमारास बेर्नाउ इथल्या कामगार संघटनांच्या शाळेच्या सभागृहासाठी त्यांनी भिंतीचं कापड विणलं. त्यात सेलोफेन होता, म्हणून दर्शनी बाजू उजेड परतवायची आणि मागची बाजू आवाज शोषून घ्यायची. पाठीला काम दिलेलं होतं. १९४९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. त्या कापडाचा फोटो बघितला तेव्हा मला परक्या घरात आपल्या माणसाची भेट व्हावी तसं झालं. शिकलेला हात आणि घरचा हात यांत जी दरी तुम्ही चौकोनांनी आखता ती चांगल्या कामात मला तरी कधी सापडलेली नाही. ती सापडते वाईट कामात. शाळेतलं वाईट काम पोकळ असतं, घरातलं वाईट काम गबाळं असतं.

घराकडे एक गोष्ट मात्र आहे, जी शाळेकडे सहसा नसते आणि तुमच्या प्रदर्शनात तर जिच्यावर बंदीच आहे. घरी केलेली वस्तू परत येते. शाळेतलं काम गुण मिळाले की संपतं, विकलं की जातं. गोधडी मी शिवते, ती घरात वापरली जाते आणि काही वर्षांनी उसवून माझ्याच मांडीवर येऊन पडते. माझी एक अकरा वर्षांची गोधडी आहे. ती तीनदा माझ्याकडे परत आली. पहिल्यांदा आली तेव्हा कळलं की गाठी मी वरच्या थरावर ठेवल्या होत्या, त्या घासून सुटल्या. तेव्हापासून गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून घेते. दुसऱ्यांदा, गळ्याशी येणारी कड इतर तिन्ही कडांच्या आधी विरली होती, कारण झोपेत माणूस तीच मुठीत धरतो. आता त्या एका बाजूला मी पट्टी दुहेरी लावते. माझ्या गोधडीची एक कड जाड असते ती त्यामुळे, आणि ज्याला तिच्याखाली झोपायचंय त्याला अंधारात हातानंच डोकं कुठे, पाय कुठे हे कळतं. तिसऱ्यांदा आली तेव्हा मधल्या थरातले चिंधीचे तुकडे एका कोपऱ्यात सरकून गोळा झाले होते. टाक्यांच्या ओळींमधलं अंतर मी तिथे जास्त ठेवलं होतं, आळसानं. विरलेल्या कापडाखाली अंतर जास्त हवं आणि आतलं सरकू नये म्हणून अंतर कमीही हवं. या दोन्हींमधलं माप मला अजून नीट जमलेलं नाही, दर खेपेला नव्यानं ठरवावं लागतं. माझी सगळी विद्या ही अशी आहे, आणि ती सगळी त्या वस्तूच्या झिजण्यात लिहिलेली आहे.

मी तुमच्याकडे आधी तीच अकरा वर्षांची गोधडी आणली होती. स्वीकारणाऱ्या मुलानं नियम दाखवला, ‘वापरलेली वस्तू स्वीकारली जाणार नाही’. बिचाऱ्याचा दोष नाही. मग मी घाईनं नवी शिवली, निळं ठिगळ न धुता. म्हणजे माझं उत्तम काम तुम्ही दारातून परत पाठवलंत आणि घाईचं काम आत घेऊन त्यावर ‘फिनिशिंग’ लिहिलंत.

तो नियम काढा, एवढी माझी पहिली विनंती. उलट, वापराच्या वस्तूंसाठी नियम असा करा की वस्तू किमान एकदा धुतलेली असावी. अर्ध्या प्रवेशिका आपोआप गळतील आणि तुमचा वेळ वाचेल. दुसरं, कापडाचं काम काचेमागे सपाट लावू नका. दोरीवर टाका, दोन्ही बाजू दिसू देत. पाठीमागे बघायला लोकांना आवडतं, बाजारात कापड घेताना प्रत्येक माणूस आधी उलटं करून बघतो, तो काही कलाशिक्षण घेतलेला नसतो. परीक्षकांत एक तरी माणूस असा बसवा ज्याच्या बोटाला सुई टोचलेली आहे. चित्रकार असू देत, प्राध्यापक असू देत, मला त्यांचं ऐकायचंच आहे, रंगांबद्दल त्यांनी मला चांगलं झोडावं. पण सुताराचं काम बघायला एक सुतार हवा, हे पाचशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही कळत होतं. आणि ते दोन चौकोन काढून टाका. काढता येत नसतील तर निदान दोन्हीकडे सारखीच कात्री चालवा. मला ‘हौशी विभाग प्रथम’ पेक्षा ‘मुख्य विभाग, नापास, कारण वरची कड उरेब’ जास्त चालेल. ते वाचून मला पुढच्या गोधडीत काय करायचं ते तरी समजेल.

जाता जाता एक किरकोळ बाब. तुमची चिठ्ठी स्टेपलरनं लावलेली होती, नेमकी मधल्या चादरीच्या विरलेल्या भागाला, जिथे मी टाका लांब ठेवला होता. पिन काढताना कापड करंगळीच्या नखाएवढं फाटलं. मी त्याच्या मागून पातळ तुकडा लावून रफू केलंय, लाल दोऱ्यानं, कारण तेवढाच कमजोर दोरा घरात होता. निळं ठिगळही उसवून, भिजवून, वाळवून पुन्हा लावलंय. गोधडी पुढच्या वर्षी पुन्हा पाठवते आहे, तोवर ती वापरात असेल. डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात, जाड कडेला, दोऱ्याचा एक फास सोडलेला आहे. शेरा त्याला बांधावा.

आपली,
एक स्पर्धक